नळी मोठी झाली त्या वर्षीची कानबाई

“कोणी मानणार नाही,” झुंबरआप्पा म्हणाले, “पण ज्या बिबट्याला या नळीची गोळी लागली, तो मेलाच नाही. लाजला. पुढे जिवंत होता तोवर दर आखाजीला लंगडत गावाच्या शिवेपर्यंत यायचा, माझ्या आजोबांकडे बघायचा आणि मान खाली घालून परत जायचा. एका वर्षी आजोबा तापाने पडलेले, तर हा दिवसभर शिवेवर बसून. शेवटी आजीने भाकर टाकली तेव्हा उठला.”

“बिबट्याने भाकर खाल्ली, काका?” कल्पेशने विचारलं.

“ज्वारीची. बाजरीची ठेवून दिली.”

कल्पेश हसला नाही. वलसाडच्या बाजारात त्याचं बंदुका दुरुस्त करायचं परवान्याचं दुकान होतं, बापाच्या आधीपासूनचं, आणि जुन्या ठासणीच्या बंदुका घेऊन येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याबरोबर एक तरी बिबट्या येतोच, हे त्याला ठाऊक होतं. त्याने नळी दस्त्यापासून सुटी ठेवली होती. ती उजेडाकडे धरून त्याने एक डोळा मिटला आणि मग ती आप्पांच्या हातात दिली.

“बघा. आतल्या खाचांना नवे पीळ.”

आप्पांनी डोळा लावला. आतमध्ये उजेड गोल गोल फिरत पलीकडे गेला होता. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कापलेला माणूस, पण त्यांना क्षणभर बोलता आलं नाही, आणि हे त्यांच्या बायकोने, पुतळाबाईंनी, पहिल्यांदाच पाहिलं.

पुतळाबाई स्टुलावर पिशवी मांडीत धरून बसल्या होत्या. बिबट्या त्यांच्या चांगलाच ओळखीचा. लग्न झालं तेव्हा तो वाघ होता. सिल्वासाला आल्यावर काही वर्षं दमणगंगेतली सुसर झाला. नातवंडांना सुसर खोटी वाटायला लागल्यावर पुन्हा जमिनीवर आला. त्यांना आता फक्त एक गोष्ट ऐकायची होती, ती म्हणजे काम झालं, चला.

“जुने पीळ पार सपाट झालेले,” कल्पेश सांगत होता. “ते तसेच उकरता आले नसते. म्हणून भोक एक माप वाढवलं. पंचेचाळीसची पन्नासची केली. कलेक्टर कचेरीची परवानगी होती, परवान्यावर नवं माप चढवून घ्या म्हणजे झालं. पण काका, एक सांगू? आ घसारो गोळीनो नथी.”

“म्हणजे?”

“गोळ्या झाडून झिजली असती तर आतून झिजली असती, दारू पेटते तिथून. ही तोंडाकडून झिजलीय. कोणीतरी वर्षानुवर्षं गजाला चिंधी बांधून राखेने घासलीय. राख आणि विटेचा चुरा.”

आप्पांनी छताकडे पाहिलं. पुतळाबाईंनी पिशवीकडे. दर दसऱ्याला घरातली तांब्या-पितळेची भांडी काढली की त्या ओळीत बंदूकही काढायच्या. सासूने सांगितलं होतं, शस्त्र लखलखलं पाहिजे. सासूने किती घासायचं ते सांगितलं नव्हतं.

“बिबट्याच्या रक्ताचे डाग निघत नव्हते,” आप्पा म्हणाले, “म्हणून.”

*

वापी मागे पडेपर्यंत आप्पा नळीचं कौतुक करत होते. गाडी नवनाथ चालवत होता, त्यांचा मुलगा. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात तो टूलरूमचा सुपरवायझर होता. बंदूक दुरुस्त करायला त्याचा विरोध होता. पोलिसांत जमा करून मोकळं व्हा, असं तो तीन दसऱ्यांपासून म्हणत होता. पण आज सुट्टी काढून गाडी त्यानेच काढली होती आणि त्याबद्दल कोणी काही बोलू नये, अशा चेहऱ्याने तो समोर बघत होता.

“पीळ कसे पाडलेत बघ ना भो,” आप्पा त्याला म्हणाले. “नव्या नवरीच्या वेणीसारखे.”

“मी गाडी चालवतोय, आप्पा.”

“तुझ्या कंपनीत होतील असे?”

“आमच्या कंपनीत बाटल्यांचे साचे होतात.”

मागच्या सीटवरून पुतळाबाई म्हणाल्या, “नळी मोठी झाली ना?”

“झाली की. तोफ म्हण आता.”

“मग सोनीची गोळी?”

पुढे ट्रक होता, नवनाथने त्याला हॉर्न दिला. आप्पांनी हळूच मांडीवरच्या नळीच्या तोंडात करंगळी घालून बघितली, जणू कल्पेशने जाता जाता भोक पुन्हा बारीक करून दिलं असेल.

“आयुष्यभर भोकं पाडलीत,” पुतळाबाई म्हणाल्या. “भोकात काय बसायचंय ते कोण बघणार?”

या घराची एक रीत होती, खानदेशातून आलेली. लेकीच्या लग्नात घरच्या साच्यातून शिशाची एक गोळी ओतायची आणि तिच्या पदराला बांधून द्यायची. लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की आईच्या लुगड्याची तेलात भिजवलेली चिंधी नळीच्या तोंडावर ठेवायची, तिच्यावर गोळी, आणि लेकीने अंगठ्याने दाबायची. दारू नाही, बार नाही. गोळी घट्ट धरली गेली की सगळ्यांनी म्हणायचं, बसली. एवढं झालं की ती किती दिवस राहणार, का आली, परत कधी जाणार, हे तिला कोणी विचारायचं नाही. घराने तिला ओळखलं.

यंदाच्या आखाजीला त्यांची लेक सोनी ट्रंक घेऊन आली. नवरा गेल्यावर सासरच्यांनी आधी तिला मागची खोली दिली आणि मग त्या खोलीत कांदा भरायला सुरुवात केली. तिची मुलगी जया इथेच नर्सिंग शिकत होती, मामाकडे राहून. तेव्हा येणं सोपं होतं. सगळे जमले. सोनीने चिंधीवर गोळी ठेवली, अंगठा टेकवायच्या आतच चिंधीसकट गोळी आत गेली आणि खडखडत तळाला जाऊन बसली. बंदूक उलटी करून हलवावी लागली. गोळी घरंगळत नवनाथच्या बायकोच्या, नलिनीच्या, पायाशी आली. नलिनी म्हणाली, “नळीच फाकली की हो,” आणि हसली. सोनीही हसली. पण त्याच आठवड्यात तिने सायलीच्या सूत कारखान्यात काम धरलं आणि तिथेच जवळ भाड्याच्या खोल्यांची चौकशी सुरू केली. कोणी विचारलं तर म्हणायची, श्रावणात कानबाईचा सण होऊ दे, मग जाते. ड्यूटीला जवळ पडेल.

म्हणून तर आप्पांनी नळी दुरुस्तीला काढली होती. सोनीची गोळी बसावी म्हणून. आणि बसू नये इतकी मोठी करून आणली होती.

*

सामरवरणीच्या घरी पोचले तेव्हा सोनी कामावर गेलेली होती. नलिनी पुढच्या खोलीतल्या तिच्या किराणा दुकानात होती. जया स्वयंपाकघरात चहा करत होती आणि तिने नळीत बघून म्हटलं, “आजोबा, मस्त झालीय. पण आईची गोळी तर आता लाडवाच्या डब्यात वाटाणा टाकल्यासारखी होणार.”

“सगळ्यांना सुचतं,” आप्पा म्हणाले, “मलाच कसं सुचलं नाही?”

“कारण तुम्ही बिबट्याचं सांगत होता,” पुतळाबाई म्हणाल्या.

नवनाथने खुर्ची ओढली. “मी सरळ बोलू का? ताईला सांगा, राहा म्हणून. घर तिचंच आहे म्हणून सांगा. गोळी बसली काय, पडली काय. आपण काय जंगलात राहतो?”

“सांग की मग,” पुतळाबाई म्हणाल्या. “तू सांग.”

नवनाथने चहाचा कप उचलला.

“सांगून राहणारी आहे का ती?” आप्पा म्हणाले. “राहा म्हटलं तर म्हणेल, ठेवून घेताय. तिला ठेवून घेतलेलं नको. तिला बसायला हवंय.”

नवनाथ आयटीआयला होता त्या वर्षी आप्पा कामाला असलेला पहिला कारखाना एका रात्रीत बंद पडला होता, मालक कुलूप लावून निघून गेला, आणि सोनी बारावी अर्धवट सोडून सुताच्या मशीनवर उभी राहिली होती. त्याची फी तिच्या पाळ्यांतून गेली. या घराच्या भिंती तिच्या ओव्हरटाइममधून वर आल्या. हे घरातले सगळे कधी ना कधी बोलून दाखवत. आप्पा तेवढे बोलून दाखवत नसत. कारण ते खरं होतं, आणि खरं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“एक मार्ग आहे,” आप्पा म्हणाले. “गोळी मोठी करायची.”

“शिसं काय कणीक आहे?” पुतळाबाईंनी विचारलं.

“वितळवायची, वर थोडं शिसं घालायचं, नव्या मापाने ओतायची. तिचीच गोळी. फक्त जरा अंगाने भरलेली.”

“आणि आईला सांगायचं काय?” जया म्हणाली.

“ते माझ्यावर सोड.”

“म्हणजे खोटं.”

“गोष्ट,” आप्पा म्हणाले.

नवा साचा लागणार होता. आप्पांचे हात आता कापायचे. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत. ते नवनाथकडे बघत राहिले. नवनाथ कपातल्या चहाकडे बघत राहिला. “मी असल्या फंदात पडणार नाही,” म्हणून तो उठला आणि आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून तो परत आला तेव्हा त्याच्या डब्याच्या पिशवीत कापसात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा साचा होता, दोन पाकळ्यांचा, मध्ये गोल घर. पाकळ्या मिटल्या की फट दिसत नव्हती. त्याने तो पुतळाबाईंच्या हातात दिला, आप्पांच्या नाही.

“चिंधीची जाडी धरलीय,” तो म्हणाला. “आधी साचा तापवायला सांग. गार साच्यात ओतलं तर सुरकुत्या पडतात.”

“मला शिकवतो,” आप्पा खाटेवरून म्हणाले. त्यांनी साचा घेतला, पाकळ्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या, आणि घराच्या कडेवरून अंगठा फिरवला. “कोणी केला रे हा?”

“मी.”

“कोणी मानणार नाही,” आप्पा म्हणाले.

*

मागच्या अंगणात सिगडी पेटली. जयाने सगळ्यांच्या तोंडाला रुमाल बांधायला लावले, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभं राहायला सांगितलं आणि पुतळाबाईंच्या हातातून लोखंडी पळी काढून घेतली. “ही आता स्वयंपाकात परत जाणार नाही, आजी. शिसं विष असतं.”

“माझ्या आईची पळी आहे.”

“मग आता बंदुकीची.”

आईच्या पेटीतली गोळी जयाने सकाळीच काढून आणली होती. पुतळाबाईंनी ती हातात घेतली. करडी, खरखरीत, चोखलेल्या लिमलेटच्या गोळीएवढी. ती पदराला बांधून सोनी गेली होती, हे आठवून त्यांचे डोळे भरले. त्यांनी सिगडीच्या धुराचं नाव केलं.

आता वरचं शिसं. नवनाथने गाडीच्या चाकाला लावतात ती वजनं आणली होती. आप्पांनी एकावर नख मारलं आणि परत दिलं. “यात दुसरं काही मिसळलंय. कडक आहे. लेकीची गोळी मऊ पाहिजे, दाबली की बसली पाहिजे.” पुतळाबाईंनी माळ्यावरून घर बांधतानाचा ओळंबा शोधून काढला. त्याच ओळंब्याने नथू गवंड्याने या घराच्या भिंती उभ्या केल्या होत्या, पुतळाबाईंनी स्वतः घमेली वाहिली होती. आप्पांनी तो घासून पाहिला; वरून लोखंडी, बुडात थोडं शिसं होतं. ते खरवडून काढलं. चिमूटभर निघालं.

पळीत सोनीची गोळी ठेवली. ती आधी नुसती पडून राहिली, मग खालून ओली झाल्यासारखी चमकली आणि एकदम वितळून पसरली. पुतळाबाईंना वाटलं, आपण काय केलं हे. होती ती गोळीसुद्धा गेली. आप्पांनी ओळंब्याचं शिसं टाकलं, वरची मळी लाकडाच्या काडीने बाजूला केली, साचा सिगडीवर धरून तापवला आणि नवनाथकडे पळी दिली. “तू ओत. माझा हात हलतो.”

नवनाथने ओतलं. पाकळ्या उघडल्या तेव्हा बाहेर आली ती गोळी वरून चपटी, टक्कल पडल्यासारखी. शिसं कमी पडलं होतं.

“अजून लागेल,” नवनाथ म्हणाला.

“कुठून आणायचं?” आप्पा म्हणाले. “भंगारवाल्याकडचं मी लेकीच्या गोळीत घालणार नाही. कोणाच्या बॅटरीतलं, कोणाच्या नळातलं.”

सिगडी रसरसत होती. सोनीची पाळी सुटायला फार वेळ नव्हता, आणि पळीत तिची गोळी आता तिचीही नव्हती, कोणाचीच नव्हती.

दुकानाच्या खिडकीतून नलिनी हे सगळं बघत होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. नवऱ्याने साचा केल्याचंसुद्धा तिला सासूच्या तोंडून कळलं होतं. ती पालघरची, मास्तरांची मुलगी; या लोकांचं आखाजी, कानबाई, बंदुकीची गोळी हे तिला लग्नानंतर बारा वर्षं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, समजतंच असेल असं धरून चालले होते. त्या दिवशी ती हसली होती ती नळीला. नळी म्हातारी झाली, यात हसण्यासारखंच होतं. ते सोनीताईंना लागलं हे तिला आठवड्याने कळलं, आणि मग माफी कशी मागायची हे कळेना, कारण कोणीच तिला दोष देत नव्हतं. सोनीताई तर रोज संध्याकाळी येताना दुकानासाठी कढीपत्ता घेऊन यायच्या. नलिनीला तो कढीपत्ता घेताना रोज मान खाली घालावीशी वाटायची.

तिने काउंटरखालचं पोतं ओढलं. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून जुनी लोखंडी मापं तिथे पडून होती. तिने किलोचं माप उलटं केलं. बुडाच्या खळग्यात शिसं होतं, तोलमापवाल्याच्या शिक्क्याचं. तिने स्क्रूड्रायव्हर आणि बत्ता घेतला आणि ठोकायला लागली.

आवाज ऐकून अंगणातले सगळे वळले. नलिनी मागच्या दाराने आली, कपाळावर घाम, एका हातात बत्ता, दुसऱ्यात शिशाचे दोन तुकडे.

“हे चालेल का, मामंजी?”

आप्पांनी एक तुकडा घेऊन नख मारलं. नख रुतलं.

“कुठलं?”

“मापातलं. किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या. आता ती मापं कामाला येत नाहीत.” मग तिला वाटलं हे पुरेसं नाही, म्हणून ती म्हणाली, “खरं माप होतं. माझ्या दुकानात कधी कमी तोललेलं नाही.”

“हे मी मानतो,” आप्पा म्हणाले. घरातल्या कोणाला असं म्हटल्याचं पुतळाबाईंना आठवत नव्हतं.

पुतळाबाईंनी सुनेच्या हातातला बत्ता घेतला आणि पदराने तिचं कपाळ पुसलं. जयाने मामीच्या तोंडालाही रुमाल बांधला. या वेळी गोळी पूर्ण गोल निघाली. आप्पांनी वरचं शेपूट कापलं, कानशीने एकदा हलकंच फिरवलं, आणि ती गार होईपर्यंत पाचही जण सिगडीभोवती उभे राहिले. मग जयाने ती आईच्या पेटीत जागच्या जागी ठेवून दिली.

*

कानबाईचा रविवार. श्रावणातला तो एक दिवस खानदेशातल्या प्रत्येक घराला घरी ओढतो. सायलीच्या कारखान्यांत त्या दिवशी सुपरवायझर लोक मराठी कामगारांना रजा विचारायच्या आधीच देऊन टाकतात. पाटावर देवी म्हणून नारळ बसवला होता, त्याला नथ, त्याला साडी. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळून झाला होता आणि नलिनी त्याचा रोट थापत होती. रोट घराबाहेर जात नाही. लेकीला देतात की नाही, यावर दरवर्षी वाद व्हायचा. एका बाजूला पुतळाबाई, दुसऱ्या बाजूला गावाकडची चुलत मंडळी, मध्ये आप्पा एखादी गोष्ट सांगून वाद बुडवणार. यंदा तो वाद कोणी काढला नव्हता, आणि म्हणूनच, आपण घरातली की बाहेरची हे न कळल्यासारखी, सोनी सकाळपासून दारातच होती. कामाला आत, बसायला दारात. तिची ट्रंक भरलेली होती. सायलीची खोली ठरली होती.

आरती झाल्यावर आप्पांनी बंदूक आणली. नळी दस्त्यात बसवलेली, तेल पाजलेली.

“सोने, तुझी गोळी आण.”

“राहू द्या ना, आप्पा. परत उलटी करत बसावी लागेल.”

“आण म्हणतो ना.”

तिने पेटी आणली. पुतळाबाईंनी लुगड्याची चिंधी तेलात बुडवून नळीच्या तोंडावर पसरली. नवनाथने पुढे होऊन नळी धरली. जयाने मोबाइल खिशात ठेवून दिला. नलिनी पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

सोनीने पेटीतून गोळी काढली आणि न बघता चिंधीवर ठेवली, घाईने, एकदाचं होऊन जाऊ दे अशी. गोळी थांबली. तिने अंगठा टेकवला. दाबला. गोळी अर्ध्यापर्यंत आत गेली, चिंधीच्या चुण्या तिच्याभोवती गच्च झाल्या आणि ती तिथेच राहिली. नवनाथने नळी जरा हलवली, मग आडवी केली, मग उलटी केली. गोळी जागची हलली नाही.

“बसली,” पुतळाबाई म्हणाल्या.

“बसली,” नवनाथ म्हणाला. मागून नलिनी म्हणाली, जया म्हणाली.

सोनी गोळीकडे बघत राहिली. “नळी मोठी केली ना तुम्ही? मग कशी बसली?”

आप्पा खाटेवर नीट सरसावून बसले. हा क्षण त्यांनी दोन दिवस राखून ठेवला होता.

“कोणी मानणार नाही,” ते म्हणाले, “पण शिसं भोळं असतं. माणसासारखंच. सासरी सुकतं, माहेरी भरतं. माझ्या आत्याची गोळी अशीच होती. आखाजीला आली तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढी. पंधरा दिवस पुरणपोळी खाल्ली आत्याने, आणि निघायच्या दिवशी गोळी बघतात तर बोरासारखी. आजोबांना नळी दोनदा मोठी करावी लागली. तिथूनच ही नळी झिजायला लागली, राखेने नाही. तू आलीस आखाजीला. आता श्रावण आहे. तेवढ्यात ती पेटीतल्या पेटीत भरली. तुला कळलं नाही, कारण रोज बघणाऱ्याला कळत नसतं. विचार नवनाथला.”

“व्हय,” नवनाथ म्हणाला. त्याने आयुष्यात बापाच्या गोष्टीला हुंकार भरला नव्हता. “मला पण जरा फुगलेली वाटली होती.”

“मेडिकलमध्ये असं असतं,” जया म्हणाली. “कधी कधी.”

“मी तिला तूप लावायचे,” पुतळाबाई म्हणाल्या.

सोनीने एकेकाकडे बघितलं. आईकडे, भावाकडे. भावाच्या बोटावर भाजल्याचा ताजा फोड होता. मग नलिनीकडे. नलिनी बोलली असती तर रडली असती, म्हणून ती रोटाच्या परातीकडे बघत होती.

सोनीने नळी भावाच्या हातातून घेतली. चिंधीची टोकं धरून गोळी वर ओढून काढली, पदराने तेल पुसलं आणि तळहातावर घेतली. हात दोनदा खालीवर केला. गोळी खिडकीतल्या उजेडाकडे धरली. ती चांदीसारखी चमकत होती, करडेपणाचा ठिपकासुद्धा नव्हता. पुतळाबाईंना वाटलं, आता ही ट्रंक उचलते.

सोनीने गोळी परत चिंधीवर ठेवली आणि या वेळी सावकाश, दोन्ही अंगठ्यांनी, बसेपर्यंत दाबली. मग नळी भिंतीला नीट टेकवून ठेवली, दाराकडची जागा सोडली, आणि पाटासमोर, सगळ्यांच्या पंगतीत मांडी घालून बसली.

“खोटं आहे हे, आप्पा,” ती म्हणाली. ती हसत होती. “जुनं शिसं असं चमकत नाही. परवापर्यंत माझी गोळी एवढी जड नव्हती. यात कोणाकोणाचं घातलंत, तेवढं मला खरं सांगा.”